बॉईज स्पोर्ट्स कंपनीत बॉक्सिंगसाठी प्रवेश: पात्रता, कागदपत्रं आणि निवड

विजेंदर सिंगने 2008 मध्ये बीजिंगला ऑलिंपिकचं कांस्य जिंकलं आणि 2015 मध्ये तो व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये उतरला. मानधनाच्या लढतींआधी अशी हौशी बॉक्सिंगची बरीच वर्षं काढावी लागतात, आणि त्या वर्षांचा खुराक, किट, प्रवास शेतकरी-कामगारांच्या घराला झेपत नाही. पुण्यातल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटची बॉईज स्पोर्ट्स कंपनी, म्हणजे मुलांना खेळाडू म्हणून घडवणारी लष्कराची तुकडी, हा भार उचलते. राहणं, जेवण, दहावीपर्यंतचं शिक्षण आणि प्रशिक्षण, सगळं मोफत.

वयोमर्यादा साधारण 8 ते 14 वर्षं. वय प्रवेशाच्या जाहिरातीत दिलेल्या तारखेला मोजतात, त्यामुळे आधी ती तारीख बघा. मुलगा निदान चौथी पास हवा. वयानुसार उंची-वजनाचा तक्ता जाहिरातीत असतो. अंगावर कायमस्वरूपी गोंदण चालत नाही. जत्रेत हौसेने मनगटावर नाव गोंदवून घेतलेली पोरं इथेच बाद होतात, म्हणून हे घरी आजच सांगून ठेवा. मुलींसाठी गर्ल्स स्पोर्ट्स कंपनी आहे, तिची जाहिरात वेगळी निघते.

आता कागद. मी तालमीतल्या पोरांचे कागद जुळवून देतो आणि ठाम सांगतो, ऐनवेळी घात होतो तो इथे. मूळ जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचा दाखला व गुणपत्रक, तहसीलचा अधिवास दाखला, जातीचा दाखला, सरपंच किंवा शाळेकडून चारित्र्याचा दाखला, जिल्हा किंवा त्यावरच्या स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट आकाराचे रंगीत फोटो, एवढं लागतं. सगळ्यांच्या झेरॉक्सही ठेवा.

एका पोराच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव ‘ज्ञानेश्वर’ आणि आधारवर ‘ज्ञानोबा’. हातात दम होता, पण नाव दुरुस्त होईपर्यंत निवड संपली. शाळेत 1 जून ही जन्मतारीख टाकून मोकळं व्हायची जुनी सवयही अजून कुठे कुठे भोवते. तेव्हा जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला एका ओळीत मांडा आणि नाव, आडनाव, तारीख अक्षरन् अक्षर ताडून बघा. फरक दिसला तर जाहिरातीची वाट न बघता ग्रामपंचायत, शाळा आणि आधार केंद्र गाठा. अधिवास आणि जातीच्या दाखल्यांसाठी सेतूत आधीच अर्ज टाकलेला बरा, दहावी-बारावीच्या निकालानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

निवड जाहिरातीत दिलेल्या मेळाव्यात होते. सकाळी लवकर मूळ कागदांसह हजर व्हायचं. शारीरिक क्षमता आणि खेळातलं कौशल्य तपासतात, त्यातून निवडलेल्यांची वैद्यकीय तपासणी होते. चाचण्या काही दिवस चालतात, तेव्हा स्वतःच्या राहण्याची सोय करून जा. उंची-वजनाच्या तक्त्यात बसवण्यासाठी दोन दिवस आधी मुलाचं पाणी तोडू नका, वाढत्या वयात ते जिवावर बेतू शकतं.

निवडीला पैसे लागत नाहीत. ‘माझी वर ओळख आहे’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

एक गोष्ट मात्र सही करण्याआधी घरात बसून बोला. मुलगा साडेसतराचा झाला, दहावी पास झाला आणि भरतीच्या अटींत बसला की त्याला लष्करात दाखल व्हावं लागतं. दहा वर्षांचं पोर तोवर घरापासून लांब राहणार असतं, म्हणून आई-वडिलांनी ठरवलं तरी त्याला स्वतःला जायचंय का, हे त्याच्याच तोंडून ऐका.