सरोवरात सोडलेला मस्की मासा तेथे वंश वाढवतो का? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

मस्केलंज हा पाइक या शिकारी माशाच्या कुळातला मासा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या सर्वांत मोठ्या शिकारी माशांपैकी एक आहे. गळ टाकणारे लोक त्याला मस्की म्हणतात. तो सव्वा मीटरपेक्षाही लांब होऊ शकतो, पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो, आणि विस्कॉन्सिनने १९५५ साली त्याला आपला राज्यमासा म्हणून मान दिला. विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि आसपासच्या राज्यांतील अनेक सरोवरांत आज मस्की दिसतो, तो मत्स्यबीज केंद्रांत वाढवलेली बोटुकली, म्हणजे माशांची लहान पिल्ले, दर काही वर्षांनी तेथे सोडली जाते म्हणून. बोटुकली सोडणे थांबवले, तर त्या सरोवरांत पुढच्या पिढीचा मस्की जन्माला येईल का, हा प्रश्न तेथील मत्स्यविभागांपुढे दीर्घकाळ आहे. किती पैसा खर्च करायचा, किती लांबीचा मासा पकडू द्यायचा आणि कोणता किनारा राखायचा, हे सारे त्याच्या उत्तरावर ठरते.

न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा सरोवरात मस्कीची अंडी काढून कृत्रिमरीत्या उबवण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले, आणि विस्कॉन्सिनमध्ये वुडरफ येथे १८९९ पासून हाच उद्योग आरंभला गेला. उत्तरेकडील जंगले तेव्हा झपाट्याने तोडली जात होती, ओंडके वाहून नेण्यासाठी नद्यांवर बांध घातले जात होते आणि मासेमारीला फारसे बंधन नव्हते. मस्की कमी होत आहे हे उघड दिसत होते आणि अंडी उबवून पाण्यात सोडणे हा त्यावरचा सरळ उपाय वाटत होता. सुरुवातीला नुकतेच बाहेर पडलेले मत्स्यजिरे मोठ्या संख्येने सोडले जात. त्यातले फारच थोडे जगत. पुढे जिवंत लहान मासे खाऊ घालून बोटुकली वाढवण्याचे तंत्र बसले, आणि शरद ऋतूत २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची पिल्ले सोडली जाऊ लागली. यशाचे माप मात्र पुढे गळाला किती मासे लागले एवढेच राहिले. पकडलेला मासा केंद्रात जन्मला होता की सरोवरात, हे ओळखण्याचे साधन बहुतेक ठिकाणी नव्हते, आणि माझ्या मते याच काळात खरी हानी दृष्टीआड झाली. अंडी घालण्याच्या जागा नष्ट होत असतानाही सरोवरात मासे दिसत राहिले, आणि मासे दिसत असल्यामुळे त्या जागांची विचारपूस कोणी केली नाही.

त्या जागांना इतके महत्त्व का, हे मस्कीच्या प्रजननाच्या रीतीवरून कळते. बर्फ वितळल्यावर पाण्याचे तापमान साधारण ९ ते १५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आले की प्रौढ मासे उथळ खाड्यांत येतात. मादी आकारमानानुसार काही हजारांपासून दोन लाखांहून अधिक अंडी घालते, पण घरटे करत नाही आणि अंडी राखतही नाही. पाइकची अंडी चिकट असल्याने पाण्याखाली गेलेल्या गवताला धरून तळापासून वर राहतात, तर मस्कीची अंडी फारशी चिकटत नाहीत. ती विखरून तळावर पडतात. एक-दोन आठवड्यांत त्यांतून पिल्ले निघतात आणि पोहता येईपर्यंतचे दिवसही तळाजवळच काढतात. म्हणजे आयुष्याचे पहिले काही आठवडे या माशाचे सारे भवितव्य तळालगतच्या काही मिलिमीटर जाडीच्या पाण्यावर अवलंबून असते. मादी प्रौढ होण्यास पाच ते सात वर्षे लागतात, त्यामुळे एखाद्या सरोवरात प्रजनन बंद पडले तरी ते लक्षात येईपर्यंत एक तप सहज उलटून जाते.

या पातळ थराकडे लक्ष वेधणारे काम १९८४ साली प्रसिद्ध झाले. मायकेल डॉम्बेक यांनी सहकाऱ्यांसह मध्यपश्चिमेतील निवडक सरोवरांत मस्कीच्या अंड्यांच्या जागा तपासल्या. ते पुढे अमेरिकेच्या वनसेवेचे प्रमुख झाले. वरच्या पाण्यात प्राणवायू भरपूर असतानाही कुजलेल्या वनस्पतींच्या गाळाला टेकलेल्या पाण्यात तो जवळजवळ संपलेला असू शकतो, आणि ज्या सरोवरांत मस्की स्वतःहून टिकत नव्हता तेथे अंड्यांच्या जागी हीच स्थिती आढळली. वरून पाहता दोन खाड्या अगदी सारख्या दिसतात, दोहींत मासे येतात, दोहींत अंडी पडतात, पण एकीत ती गुदमरून मरतात. मला हे निरीक्षण या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यामुळे ‘मासे अंडी घालतात का’ आणि ‘अंड्यांतून मासे तयार होतात का’ हे दोन प्रश्न वेगळे झाले. मस्की अंडी घालताना दिसला की सरोवरात प्रजनन होते असे मानण्याची जी सवय होती, तिला त्यानंतर आधार उरला नाही.

प्राणवायूने सगळे उलगडले असे मात्र नाही. मिनेसोटातील लीच लेकमध्ये मस्की किनाऱ्यापासून दूर, त्या मानाने खोल पाण्यात, कारा नावाच्या शेवाळाच्या गालिच्यावर अंडी घालतो असे १९८० च्या दशकात नोंदले गेले. याचा अर्थ मस्कीची जागा निवडण्याची रीत सगळीकडे एकच नाही. एका सरोवरात घडलेल्या वंशाला दुसऱ्या सरोवरात त्याच्या सवयीची जागा मिळेलच असे नाही. लीच लेकमधील या रीतीमुळे मस्कीची पिल्ले पाइकच्या पिल्लांपासून दूर राहतात, आणि ही गोष्ट लहान नाही. पाइक बर्फ वितळताच, म्हणजे मस्कीच्या आधी, अंडी घालतो. त्याची पिल्ले आधी मोठी होतात आणि एकाच खाडीत मस्कीची लहान पिल्ले त्यांच्या तोंडी पडतात. जेथे पाइक मूळचा नव्हता आणि नंतर पसरला, तेथे मस्की घटल्याच्या नोंदी विस्कॉन्सिनमध्ये आहेत. त्यात घरांसाठी साफ केलेले किनारे आणि बांधांमुळे बदललेली पाण्याची पातळी यांची भर पडते. विस्कॉन्सिनने पुढे आपल्या मस्की-सरोवरांची वर्गवारी केली, ती याच कसोटीवर: कोठे मासा स्वतःहून टिकतो, कोठे काही प्रजनन होऊनही बोटुकलीची जोड लागते आणि कोठे केवळ बोटुकलीवरच सारे चालते.

मिनेसोटात याच प्रश्नाचे उत्तर वेगळ्याच दिशेने आले. तेथील मत्स्यविभागाने विसाव्या शतकाच्या मध्यापासून शूपॅक या लहान, एकाकी सरोवरातून अंडी घेतली आणि तो वंश राज्यभर सोडला. आता ते सरोवर व्हॉयेजर्स राष्ट्रीय उद्यानात आहे. हे मासे इतरत्रही आकाराने लहानच राहतात हे तुलनेतून स्पष्ट झाल्यावर १९८० च्या दशकाच्या आरंभी विभाग लीच लेकच्या वंशाकडे वळला. पुढे जनुकीय तपासणी शक्य झाली, आणि उत्तर मिनेसोटातील एका सरोवराविषयी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शूपॅकचा अंश त्या सरोवरातील माशांत शिल्लक असल्याचे, तसेच दोन्ही वंशांचा संकर झाल्याचे दिसले. केंद्रातून सोडताना हे वंश वेगवेगळे होते. त्यांचे मिश्रण सरोवरातच झाले असणार. सोडलेला मस्की नैसर्गिकरीत्या प्रजनन करू शकतो याचा हा नि:संदिग्ध पुरावा होता. मात्र ज्या सरोवरात प्रजनन होते, तेथे चुकीचा वंश सोडल्यास तो परत काढून घेता येत नाही, हेही त्यातूनच समजले.

प्रत्यक्ष पाहणीची साधनेही हळूहळू सुधारत गेली. केंद्रातील प्रत्येक पिल्लाचा एखादा पर कापून किंवा त्याच्या अंगात सूक्ष्म खुणपट्टी घालून ते सोडले, तर पुढे सापडलेला खूण नसलेला मासा तेथेच जन्मल्याचे म्हणता येते, पण सगळ्या पिल्लांना खूण केलेली असेल तरच. शिवाय मस्की मुळातच विरळ असतो. चांगल्या सरोवरातही बहुधा एकरी एक प्रौढ मासा नसतो, त्यामुळे त्याचे वर्षाच्या आतले पिल्लू जाळ्यात न सापडणे हा प्रजनन न झाल्याचा पुरावा धरता येत नाही. मिनेसोटातील संशोधकांनी २००७ साली मांडलेली युक्ती या संदर्भात विशेष आहे. मादीच्या अंडमार्गात छोटा रेडिओ-प्रेषक ठेवला जातो, तो अंड्यांबरोबरच बाहेर पडतो, आणि त्याच्या संकेतावरून अंडी नेमकी कोठे पडली हे शोधता येते.

काही ठिकाणी उत्तर नको तितके स्पष्ट मिळाले. क्यूबेकमधील लॅक फ्रॉन्तिएर येथे १९७० च्या सुमारास सोडलेले मस्की सेंट जॉन नदीच्या खोऱ्यात उतरले आणि मेन व न्यू ब्रन्सविकपर्यंत पसरून स्वतःच्या बळावर स्थायिक झाले, जरी तो मासा त्या खोऱ्याचा मूळचा नव्हता. महाराष्ट्राशी जोडलेले एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे: लोणावळ्याच्या केंद्रात तयार केलेले खडशी जातीच्या महसीरचे बीज कावेरीत सोडले गेले, ते तेथे रुजले, आणि कावेरीचाच असलेला कुबडा महसीर आज अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. मस्की आणि पाइक यांचा संकर असलेला टायगर मस्की वंध्य असल्यामुळे, प्रजनन नकोच असेल तेथे काही राज्ये मुद्दाम तोच सोडतात.

आजचा सर्वांत लक्षवेधी प्रयोग मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे या उपसागरात चालू आहे. प्रदूषण, अधिवासाचा नाश आणि बेसुमार मासेमारी यांमुळे तेथील मूळ मस्की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाहीसा झाला होता. विस्कॉन्सिनने १९८९ पासून ग्रेट लेक्सच्याच ठिपकेदार वंशाची बोटुकली तेथे सोडली, ती उत्तम वाढली, आणि मोठ्या मस्कीसाठी ग्रीन बे गळकऱ्यांत प्रसिद्ध झाला. २००५ नंतर व्हीएचएस या विषाणूजन्य रोगाच्या भीतीने अंड्यांची ने-आण कठीण झाली, तेव्हा प्रजननाचा प्रश्न अधिकच निकडीचा ठरला. प्रौढ मासे फॉक्स नदीच्या मुखासारख्या जागी अंडी घालण्यास येतात हे प्रेषकांमुळे कळले आहे, पण तेथे जन्मलेली पिल्ले मोजक्याच ठिकाणी आणि थोड्या संख्येने मिळाली आहेत. मस्की वर्षानुवर्षे अंडी घालण्यास त्याच जागी परततो असे ओंटारियोतील स्टोनी लेकच्या अभ्यासातून १९९० साली दाखवले गेले होते. सोयीच्या धक्क्यावरून सोडलेल्या बोटुकलीला मात्र जन्माची खाडीच नसते, आणि ती पुढे निकृष्ट तळाच्या जागेलाच धरून बसण्याची शक्यता राहते. त्यामुळे आधी चांगल्या तळाच्या, पाणवनस्पतींच्या खाड्या शोधून तेथेच लहान पिल्ले सोडावीत आणि ती प्रौढ होऊन तेथे परततात का हे पाहावे, हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो, जरी त्याचे फळ दिसण्यास प्रत्येक वेळी किमान सहा-सात वर्षे जावी लागतात.