मोफत नमुना आणि फुकटचं काम: डिझायनरने फरक कुठे ओळखायचा

समजा, जळगावच्या एका डिझायनरने उडदाच्या पापडाच्या पाकिटासाठी लेबलचा नमुना तयार केला आणि पापडांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी तो बचत गटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. नाव, पत्ता, वजन, किंमत भरा आणि छापा. धुळ्यातल्या दुसऱ्या डिझायनरने हायवेवर सुरू होणाऱ्या एका हॉटेलासाठी लोगो, मेन्यूकार्ड आणि पाटी करून दिली. मालक म्हणाले होते, "दादा, आधी करून तर दाखव, आवडलं की पुढचं सगळं काम तुझंच."

पैसे दोघांनीही घेतले नाहीत. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं: ग्राहक यावा म्हणून काम मोफत दिलं. पण पहिल्या प्रकारातून ग्राहक येतो आणि दुसऱ्यातून बहुतेक वेळा आणखी एक फुकट मागणारा येतो. नव्या डिझायनरांना "सुरुवातीला थोडं फुकट करावंच लागतं" असं सांगणारे या दोन गोष्टी एकत्र करतात, म्हणून तो सल्ला अर्धा खरा आणि अर्धा घातक आहे.

ओळखायला एकच प्रश्न पुरतो. समोरच्याने नाही म्हटलं, तर ही फाइल उद्या दुसऱ्या कुणाच्या कामी येईल का? पापडाचं लेबल अमळनेरच्या गटाला नको असेल तर चोपड्याच्या गटाला चालतं. हॉटेलाच्या नावाचा लोगो त्या हॉटेलाने नाकारला की संपला. पहिल्यात काय करायचं, किती करायचं, कुठे थांबायचं हे तुम्ही ठरवता. दुसऱ्यात ते सगळं समोरचा ठरवतो आणि थांबायची जागाच नसते, कारण जिथे पैसे ठरलेले नाहीत तिथे करेक्शनच्या फेऱ्याही ठरलेल्या नसतात.

नमुना कसा करायचा

पापडाचंच लेबल धरू, कारण त्यात चुका करायला भरपूर जागा आहे.

आकार ९५ बाय १३८ मिलिमीटर ठेवला तर ए-फोर कागदावर चार लेबलं बसतात आणि चारही बाजूंनी साधारण १० मिलिमीटर जागा सुटते. ती हवीच, घरगुती प्रिंटर कडेपर्यंत छापत नाही. लेबलची कड पांढरी ठेवा, रंग आणि किनार आत ५ मिलिमीटरवर थांबवा. एरवी छापखान्यात देताना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग, सोडतोच, पण हे लेबल कात्रीने कापलं जाणार आहे. कडेपर्यंत रंग असेल तर कात्री जरा तिरकी गेली की पांढरी फट दिसते.

मजकुराच्या जागा उघड्या, म्हणजे मजकूर बदलता येईल अशा ठेवा आणि फॉन्ट युनिकोडच घ्या, त्यातली मराठी दुसऱ्याच्या मशीनवरही मराठीच राहते. मुक्त, बालू यांसारखे फॉन्ट ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत, ते फाइलसोबत देता येतात. तुमच्या मशीनवर पैसे देऊन घेतलेले जुन्या पद्धतीचे फॉन्ट वाटता येत नाहीत. शिवाय ते समोरच्याकडे नसले की "उडीद पापड" च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. चित्र आणि शीर्षक कर्व्ह करून टाका, म्हणजे अक्षरांची आकृती होते आणि फॉन्ट लागत नाही, भरायचा मजकूर मात्र कर्व्ह करू नका. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम केलं असेल तर फाइल जुन्या आवृत्तीतही सेव्ह करून ठेवा, तालुक्याच्या दुकानात नवीन कोरल असेलच असं नाही. सोबत भरता येणारी पीडीएफ दिलीत तर मोबाइलवाल्यांचीही सोय होते.

आता मजकूर. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, प्रतिग्रॅम दर, बनवल्याची आणि कधीपर्यंत वापरायचं याची तारीख, बॅच क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) १४ आकडी क्रमांक, एवढं तरी लागतं. यातली अनिवार्य माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते, मराठी त्याच्या जोडीला चालते. सगळं लेबल फक्त मराठीत करून वाटणं दिसायला छान, पण नियमात अपुरं. दुकानदार असं पाकीट ठेवायला कां-कूं करतो आणि दोष तुमच्या नमुन्यावर येतो.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे नमुन्यासाठी टाकलेले खोटे आकडे. तुम्ही १४ आकड्यांच्या जागी काहीतरी टाकून ठेवता, गटातल्या ताई नाव बदलतात, आकडा तसाच राहतो आणि दोनशे पाकिटं त्यावरच निघतात. तिथे आकडा टाकूच नका. ठळक गुलाबी रंगात "इथे तुमचा क्रमांक लिहा" एवढंच ठेवा, म्हणजे विसरलं तरी छापण्याआधी डोळ्याला खटकतं. फोन नंबरचंही तसंच.

तसंच भौगोलिक मानांकनाचं, म्हणजे ठरावीक भागाच्या मालाला मिळणाऱ्या कायदेशीर ओळखीचं. जळगावची केळी आणि भरिताची वांगी यांना ते मिळालेलं आहे, म्हणून केळी वेफर्सच्या नाहीतर वांग्याच्या क्रेटच्या मोफत नमुन्यावर ते चिन्ह टाकायचा मोह होतो. पण ते चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नमुना कुणाच्या हातात जाईल ते तुम्हाला माहीत नसतं, तेव्हा ते चिन्ह त्यावर नकोच.

परवाना फाइलच्या पहिल्याच पानावर साध्या मराठीत लिहा: "स्वतःच्या मालासाठी मोफत वापरा. छापखान्याने छपाईचे पैसे घ्यायला हरकत नाही. नमुन्याची फाइल विकू नये." खाली तुमचं नाव आणि नंबर. लेबलवर स्वतःचं नाव छापायची अट घालू नका. पापडाच्या पाकिटावर डिझायनरचं नाव कुणी ठेवत नाही, आणि पाळली न जाणारी अट घातली की बाकीच्या अटीही हलक्यात घेतल्या जातात.

पैशाचं काम कुठून सुरू होतं

इथे खरी कारागिरी आहे. नमुना त्याच्या कामापुरता पूर्ण असला पाहिजे. मुद्दाम अर्धवट ठेवलेला, मधोमध तुमच्या नावाचा आडवा शिक्का मारलेला नमुना कुणी वापरत नाही. पण गरज वाढली की तो नमुना आपोआप अपुरा पडतो, आणि ती जागा तुम्हाला आधीपासून माहीत हवी.

पापडाच्या गटाचं उदाहरण घ्या. स्टिकर लावून पाकिटं विकली, माल चालला. मग कुरडया, शेवया, बिबड्या आल्या, सगळ्यांचं रूप एकसारखं हवं झालं. पुढे छापील पाउच हवा. छापील पाउचची ग्रॅव्हुअर छपाई सिलिंडरवर होते, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, आणि छपाईवाला ठरावीक मालाखाली ऑर्डर घेत नाही. तिथे रंग वेगळे केलेली, पाउचच्या सीलची जागा सोडलेली फाइल लागते. तुमचा ए-फोर नमुना तिथे चालत नाही. तेव्हा त्या ताई ज्याचा नंबर पहिल्या पानावर आहे त्यालाच फोन करतात. आणि या ग्राहकाला तुमचं काम वापरून माहीत झालेलं असतं, दरावर घासाघीस होते पण "आधी करून दाखव" होत नाही.

म्हणून नमुना अशाच गोष्टीचा काढा जिच्यापुढे पैशाची पायरी आहे. लग्नपत्रिकेचा मोफत नमुना आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास हजार फोनवर फिरेल, पण त्या घरात पुढचं लग्न कधी? वाढदिवसाच्या बॅनरचंही तसंच. पापड-मसाले, रावेर-सावदा भागातली केळीची खोकी, डाळीच्या गोण्या, शेतीअवजारांची दुकानं, क्लासेस, यांना दर हंगामात काही ना काही लागतं.

फ्लेक्सवाला डिझाइन फुकट देतो, त्याचं काय?

हा प्रश्न प्रत्येक ग्राहक विचारतो, तेव्हा उत्तर तयार हवं. फ्लेक्सचं दुकान डिझाइनचे पैसे वेगळे घेत नाही कारण ते चौरस फुटाच्या दरात धरलेले असतात. १० बाय ३ चा बॅनर म्हणजे ३० चौरस फूट. ऑपरेटरने पंधरा मिनिटांत तयार चौकटीत फोटो आणि नावं बसवली, की मशीन चाललं आणि दुकानाचं भागलं. ते फुकट नाही आणि त्यात काही गैरही नाही. पण ज्याच्याकडे मशीन नाही त्याने तोच हिशेब नुसत्या डिझाइनला लावला, तर त्याला वसूल करायला चौरस फूटच नाही. पुष्कळ नवे डिझायनर इथेच फसतात: दुकानाची पद्धत उचलतात, दुकानाची कमाई मात्र त्यांच्या हातात नसते.

फुकटचं काम का बिघडतं

ज्याने पैसे मोजलेले नाहीत त्याला निर्णयाची घाई नसते. हॉटेलाचं उद्घाटन पुढे गेलं की तुमचं काम पडून राहतं. शिवाय बोलणं मुलाशी होतं आणि पसंती वडिलांची, नाहीतर भागीदाराची असते. अॅडव्हान्स मागितला की ठरवणारा माणूस आपोआप समोर येतो. फुकट कामात तो तिसऱ्या करेक्शननंतर उगवतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

दुसरं, दर. पहिलं काम शून्यात झालं की दुसऱ्या कामाचा दर शून्यापासून मोजला जातो. पाच हजार सांगितले की समोरच्याला ते पाच हजारांनी वाढलेले वाटतात.

तिसरं, फाइल. पसंतीसाठी पाठवलेली स्वच्छ जेपीजी तशीच फ्लेक्सच्या दुकानात जाते, ऑपरेटर तिच्यावरून गिरवून (ट्रेस करून) घेतो आणि पाटी लागते. पसंतीसाठी लांब बाजू ८०० पिक्सेलच्या आतली, नाव आडवं घातलेलीच फाइल पाठवा. शक्य असेल तर दुकानात बसून लॅपटॉपवर दाखवा.

हक्काचंही समजून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नोकरीत नसलेल्या डिझायनरने केलेल्या अशा कामाचा पहिला मालक सहसा तो स्वतः असतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. फुकट कामात कागदच नसतो, त्यामुळे लोगो कुणाचा याचं भांडण दोन्हीकडून होऊ शकतं. हॉटेल चाललं, दुसरी शाखा निघाली, की ते मालकालाही अडचणीचं ठरतं.

मधल्या गोष्टी

सगळं काही या दोन खणांत बसत नाही. गावच्या यात्रेचं, शाळेचं, गणेश मंडळाचं काम मनापासून करायचं असेल तर जरूर करा, पण ती सेवा आहे. त्यातून ग्राहक येईल असा हिशेब त्यात मिसळू नका. एक करा: बिल द्या. पूर्ण दर लिहा, खाली "सेवा म्हणून सूट" लिहून तेवढीच रक्कम वजा करा, शिल्लक शून्य. मंडळाच्या वहीत तुमच्या कामाची किंमत नोंदली जाते, आणि मंडळातला सराफ उद्या दुकानाचं काम घेऊन आला तर दर नव्याने सांगावा लागत नाही.

स्पर्धा हे बहुतांशी फुकटचंच काम, फक्त रांगेत. निकष, परीक्षक आणि बक्षीस जाहीर असलेल्या सरकारी स्पर्धा वेगळ्या. २०१० मध्ये स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह खुल्या स्पर्धेतूनच आलं. पण एखादा व्यापारी चार डिझायनरांना "ज्याचं आवडेल त्याला काम" सांगतो, तेव्हा तीन जणांची मेहनत वाया जाणार हे आधीच ठरलेलं असतं, आणि बऱ्याचदा पहिल्याचा रंग नि दुसऱ्याची अक्षरं घेऊन काम पाचव्याकडेच जातं.

ग्राहकाला खरोखर तुमचा अंदाज नसेल, तर त्याची शंका रास्त आहे. तिला उत्तर म्हणून छोटं, पैशाचं काम सुचवा: पूर्ण मेन्यूकार्डाऐवजी एक पान, सहा लेबलांऐवजी एक. अर्धे पैसे आधी, करेक्शनच्या दोन फेऱ्या, मोकळी (बदल करता येणारी) फाइल पूर्ण पैसे मिळाल्यावर, आणि पुढे मोठं काम दिलं तर ही रक्कम त्यात वळती. "नाना, तुमच्यासारख्याच हॉटेलासाठी केलेली ही तीन मेन्यूकार्डं बघा, हात कळेल. तुमचं स्वतःचं मात्र अॅडव्हान्स आल्यावर सुरू करतो," एवढं शांतपणे म्हणता येतं. ती तीन मेन्यूकार्डं काल्पनिक नावांची असली तरी चालतात, फक्त ती काल्पनिक आहेत हे त्यांच्यावर लिहिलेलं असू द्या.

वाटलेल्या नमुन्याच्या फाइलच्या नावात महिना आणि वर्ष घाला. लेबलचे नियम बदलतात आणि व्हॉट्सअॅपवर सोडलेली जुनी फाइल वर्षानुवर्षं फिरत राहते. ग्रुपवर फाइलऐवजी एकच कायमची लिंक दिलीत तर बदल तिथल्या तिथे करता येतो. फोन आला की "नमुना कुठे मिळाला?" हे विचारून वहीत टिपून ठेवा. दोन हंगामांत ज्या नमुन्यावरून एकही पैशाचं काम आलं नाही, तो सुधारत बसू नका, दुसऱ्या मालाचा घ्या.