उत्सर्जनाचा आकडा कागदावरून येतो की हवेतून?

अमुक देशाचं कार्बन उत्सर्जन इतके कोटी टन, असं आपण बातमीत वाचतो ना, तो आकडा बहुतेक वेळा हवा मोजून काढलेला नसतोच. कोळसा किती जळला, डिझेल-पेट्रोल किती खपलं, गुरं किती, भातशेती किती, हे सगळं घ्यायचं, ठरलेल्या गुणांकाने गुणायचं आणि बेरीज मारायची. पद्धत चुकीची नाही, पण हिशोब ज्याचा त्यानेच लिहिलेला असतो, आणि तो पडताळायचा तर शेवटी हवेकडेच जावं लागतं.

हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून चालू होते, पण आकडे फार वरखाली यायचे. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या इंग्लिश इंजिनियरने जुन्या मापांतली भरवशाची तेवढी निवडून सांगितलं की हा वायू वाढतोय आणि त्यामुळे पृथ्वी तापतेय. फार जणांना ते पटलं नाही, कारण मूळ मापंच कच्ची होती.

ती पक्की केली चार्ल्स डेव्हिड कीलिंगने. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात या तरुण केमिस्टने स्वतःच्या हाताने मॅनोमीटर, म्हणजे वायूचा दाब मोजायचं यंत्र, बनवला आणि आतली हवा काढून टाकलेले ५ लिटरचे काचेचे फ्लास्क घेऊन तो बिग सूरच्या जंगलात रात्रंदिवस नमुने घेत बसला. यात सांभाळायचं काय, तर वाऱ्याकडे तोंड करायचं, श्वास रोखायचा आणि मगच फ्लास्कची चावी फिरवायची, कारण आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या शंभरपट तरी असतो, जरासा आत गेला की नमुना फुकट. त्याला दिसलं की रात्री झाडं-माती वायू सोडतात म्हणून आकडा वाढतो, पण दुपारी हवा तापून चांगली ढवळली जाते तेव्हा जागा कुठलीही असो, उत्तर ३१० पीपीएमच्या आसपासच येतं, म्हणजे दहा लाख रेणूंत साधारण ३१०. सगळ्या हवेचा मिळून एक पायाभूत आकडा आहे आणि तो मोजता येतो, ही मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

मग १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात रॉजर रेव्हेल आणि हॅरी वेक्सलर या वैज्ञानिकांच्या पाठिंब्याने हवाईच्या मौना लोआ ज्वालामुखीवर, सुमारे ३४०० मीटर उंचीवर, इन्फ्रारेड किरण किती शोषले गेले त्यावरून वायू मोजणारा इन्फ्रारेड अॅनालायझर बसला. मार्च १९५८ चं पहिलं रीडिंग ३१३. मेपर्यंत आकडा चढला, मग ऑक्टोबरपर्यंत उतरत गेला, मग परत चढायला लागला. उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात वायू ओढून घेतात आणि पानगळीनंतर परत सोडतात, ते यंत्राच्या आलेखावर उमटत होतं. पुढच्या वर्षी तसाच चढउतार, फक्त जरासा वर. १९६४ मध्ये निधी कापला गेला आणि काही काळ मोजणी बंद पडली, ती फट आजही आलेखात दिसते. मे २०२५ ची तिथली सरासरी ४३० च्या वर गेली.

पण यातून किती वाढलं एवढंच कळतं, कुणी सोडलं ते नाही. तो टप्पा कसा गाठला ते सीएफसी-११ च्या प्रकरणात बघा. हा ओझोन खाणारा वायू उष्णताही प्रचंड अडवतो. माँट्रियल करारानुसार २०१० पर्यंत त्याचं उत्पादन जगभर बंद व्हायचं होतं आणि कागदोपत्री ते झालंही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेतल्या स्टीफन मॉन्त्स्का आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की २०१२ नंतर तो हवेतून कमी व्हायचा वेग जवळजवळ निम्म्यावर आलाय, म्हणजे कुणीतरी नव्याने सोडतंय. पुढच्या वर्षी कोरियाच्या जेजू बेटावरचं गोसान आणि जपानचं हातेरुमा इथली मापं घेऊन, वारा कुठून कुठे आला ते कंप्युटरवर उलटं चालवून, माग पूर्व चीनच्या शानदोंग आणि हेबेई प्रांतांपर्यंत काढला गेला, वर्षाला साधारण ७००० टन जास्तीचे. त्यानंतर कारवाई झाली आणि २०१९ पर्यंत उत्सर्जन परत उतरल्याचंही याच यंत्रांनी दाखवलं.

आपल्याकडे हे काम गोव्यात काब दि रामाच्या कड्यावर सुरू झालं. १९९३ पासून तिथे फ्लास्क भरले जायचे आणि तपासणीला ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेकडे जायचे. जागा फार विचारपूर्वक निवडलेली, कारण पावसाळ्यात वारा अरबी समुद्रावरून येतो तेव्हा स्वच्छ सागरी हवा मिळते आणि हिवाळ्यात तोच वारा जमिनीवरून वाहतो तेव्हा देशाच्या आतल्या उत्सर्जनाचा ठसा घेऊन येतो, एकाच कड्यावर दोन्ही. ते काम २००२ मध्ये थांबलं. २००९ मध्ये ते परत सुरू झालं आणि त्याच सुमारास पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावरही हवेचे नमुने घ्यायला सुरुवात केली. मधल्या वर्षांत भारतात कोळसा आणि गाड्या दोन्ही झपाट्याने वाढत होत्या, आणि काब दि रामाच्या नोंदीत नेमकी तीच वर्षं कोरी आहेत.