पोटॅशियम नॉर्मल आलं म्हणून थांबू नका

तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी १५०-९०च्या खाली येत नसेल, तर नाशकात सगळा दोष मिसळीवर आणि पापड-लोणच्यावर जातो. कधी कधी मूळ असतं मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत. ती अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन गरजेपेक्षा जास्त बनवते; या आजाराला प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम म्हणतात. मग मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं.

डॉ. जेरोम कॉन यांनी १९५५ साली हा आजार मांडला, तेव्हा त्यांच्या रुग्णाचं पोटॅशियम फार उतरलेलं होतं. तेच चित्र डोक्यात राहिल्यामुळे आजही असंख्य रुग्ण हातचे सुटतात, कारण बहुतेकांचं पोटॅशियम नॉर्मलच असतं. त्यातच रक्त घेताना मूठ उघड-मीट करायला लावली, तर ते खोटं वाढलेलं दिसतं.

खरी तपासणी अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (अल्डोस्टेरॉन बनवायला लावणारं, मूत्रपिंडातून येणारं द्रव्य) यांच्या गुणोत्तराची. सकाळी उठून दोन तास हिंडल्या-फिरल्यावर, १०-१५ मिनिटं बसून रक्त द्यावं. पोटॅशियम कमी असेल तर आधी भरून काढावं, नाहीतर अल्डोस्टेरॉनही खोटं कमी दिसतं. आधीचे काही दिवस मीठ मुद्दाम तोडू नये. त्याने रेनिन वाढतं, गुणोत्तर कमी येतं आणि आजार लपतो. नमुना बर्फात ठेवू नये, हे बऱ्याच ठिकाणी चुकतं: थंडीत प्रोरेनिन, म्हणजे रेनिनचं निष्क्रिय रूप, जागं होतं आणि रेनिनचा आकडा फुगतो. अल्डोस्टेरॉनचा परिणाम अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी चार आठवडे आधी थांबवावी लागते, पण डॉक्टरांना विचारूनच. खोकल्यासाठी ज्येष्ठमध चालू असेल तर तेही सांगा. त्यानेही बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं.

गुणोत्तर जास्त आलं तर बहुतेकदा सलाइनची चाचणी होते: चार तासांत दोन लिटर. एवढं मीठ-पाणी अंगात जाऊनही अल्डोस्टेरॉन दबलं नाही, तर निदान पक्कं. पुढे सीटी स्कॅन. पण त्यात दिसणारी गाठ निरुपद्रवीही असू शकते, म्हणून शस्त्रक्रियेचा विचार असेल तर दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून रक्त काढून तुलना करतात. उजवी शीर आखूड आणि थेट महाशिरेत उघडणारी, त्यामुळे तिथे सुई-नळी नेमकी पोचवायला हात बसलेलाच माणूस हवा.

दोष एका बाजूचा असेल तर दुर्बिणीतून ती ग्रंथी काढतात. दोन्ही बाजूंचा असेल तर स्पायरोनोलॅक्टोन, साधारण १२.५ ते २५ मिलिग्रॅमपासून. पुरुषांमध्ये तिच्यामुळे स्तन दुखले, फुगले तर त्याच प्रकारची एप्लेरेनोन. गोळी सुरू झाल्यावर पोटॅशियम आणि (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) क्रिएटिनिन काही आठवड्यांत पुन्हा तपासायलाच हवं, कारण आता पोटॅशियम उलट चढू शकतं.