बंद कर, दहा मोज, चालू कर

"अगं, ते वायफाय परत रुसलंय."

रविवारी सकाळी साडेआठला मावशीचा फोन आला की विषय बहुतेक हाच असतो. ती चिपळूणला, मी पुण्यात. आमच्या घराण्यात कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेली मी एकटीच, त्यामुळे प्रिंटरपासून गीझरपर्यंत ज्याला म्हणून वायर आहे ते सगळं माझ्या खात्यात जमा झालेलं आहे.

"राउटर बंद करून चालू केलास?"

"केला की. दोनदा."

"मध्ये किती वेळ थांबलीस?"

"थांबायचं काय त्यात? बटण खाली, बटण वर."

इथेच गोम असते. राउटरच्या आणि त्याच्या अडॅप्टरच्या पोटात कपॅसिटर असतात. वीज थोडी खालीवर झाली तरी यंत्राला झटका बसू नये म्हणून ते थोडी शिल्लक साठवून ठेवतात. बटण बंद केल्यावर राउटरच्या दिव्याकडे नीट बघा: बऱ्याचदा तो फट्‌कन विझत नाही, क्षणभर मंद होत होत जातो. बटण झटक्यात वर केलं तर राउटरला वीज गेल्याचा पत्ताच लागत नाही, किंवा अर्धवट लागतो, आणि अर्धवट लागणं जास्त वाईट. मावशीला दहापर्यंत मोजायला लावलं. ती अथर्वशीर्ष म्हणायच्या चालीत मोजते. राउटर सुरू झाला आणि तिचं कीर्तनही.

"बंद करून चालू कर" या सल्ल्याची लोक थट्टा करतात. आम्हा मंडळींना दुसरं काही येत नाही म्हणून आम्ही तो देतो, असा समज आहे. मला मात्र तो फार प्रामाणिक उपाय वाटतो, कारण तो नेमकं काय करतो हे सांगता येतं. कॉम्प्युटर काय किंवा राउटर काय, चालू असताना सगळं काम तात्पुरत्या मेमरीत करतो. या मेमरीतला प्रत्येक बिट (० किंवा १ एवढीच नोंद) म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो इतका गळका असतो की साधारण दर ६४ मिलिसेकंदांत एकदा पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की सगळं पुसलं जातं. प्रोग्रॅम या मेमरीतली जागा मागून घेतात आणि काम झाल्यावर परत करतात. निदान करावी अशी अपेक्षा असते. काही करत नाहीत. लग्नघरच्या स्वयंपाकात जो तो मांडणीवरचं भांडं घेतो आणि खरकटं तसंच ओट्यावर ठेवून देतो. संध्याकाळपर्यंत भांडी सगळी घरातच असतात, पण चहाला एक पातेलं मिळत नाही. त्यातली गत.

राउटरमध्ये आणखी एक भर पडते. घरातला प्रत्येक फोन, टीव्ही, लॅपटॉप बाहेर कोणाशी बोलतोय याची तो एक वही ठेवतो. स्वस्त राउटरची वही लहान असते. ती भरली की दिवे सगळे हिरवे, सिग्नल पूर्ण, आणि पान मात्र उघडत नाही. शिवाय वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच धरतात: १, ६ आणि ११. बरेच राउटर सुरू होताना आसपास कान देतात आणि त्यातल्या त्यात शांत चॅनल निवडतात. शेजारच्या तीन घरांत नवी कनेक्शनं आली असतील, तर तुमचा राउटर महिनाभर गर्दीच्या गल्लीतच बसून असतो. उठवल्याशिवाय तो जागा बदलत नाही.

म्हणजे रीस्टार्टने दोष जात नाही, दोषाने मांडलेला पसारा जातो. रोज रीस्टार्ट करावं लागत असेल तर दोष मोठा आहे, एवढं त्यातून कळतं.

आता लॅपटॉपची गोष्ट. गेल्या मे महिन्यात चिपळूणला गेले होते. मावशीचा लॅपटॉप इतका संथ झाला होता की फोल्डर उघडेपर्यंत आंबा कापून व्हायचा. "रीस्टार्ट करतेस ना?" "रोज रात्री शट डाउन करून झोपते!" म्हणाली, थोड्या रागानेच. मी टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्सवर गेले, सीपीयूवर टिचकी मारली आणि खाली 'अप टाइम' नावाचा आकडा तिला दाखवला. २३ दिवस.

मावशी खोटं बोलत नव्हती. खोटं बोलत होतं शट डाउन. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून त्यात 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. शट डाउन म्हटलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल आणि ड्रायव्हर, जशाच्या तशा अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवला जातो. सकाळी तोच उचलून पुन्हा मेमरीत ठेवायचा, म्हणून मशिन लवकर उघडतं. कालचं खरकटं फ्रिजमध्ये ठेवून आज तसंच ताटात वाढण्यासारखं आहे हे. 'रीस्टार्ट' म्हटलं तर मात्र विंडोज सगळं पहिल्यापासून उभं करतं. नावांवरून अंदाज बांधला तर कुणालाही उलटंच वाटेल, आणि यात दोष मावशीचा अजिबात नाही. शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउनवर टिचकी मारली तरी खरंखुरं बंद होतं. मावशीला मी एवढंच सांगितलं, आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' हा शब्द लिहिलेलं बटण दाबायचं.

"आठवड्यातूनच का? महिन्याने चालणार नाही?"

प्रश्न रास्त होता. सतत किती काळ चालू ठेवणं म्हणजे फार? याची काही उत्तरं अगदी दशांशापर्यंत ठाऊक आहेत. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मशिन सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा एक ३२ बिटांचा आकडा होता. ३२ बिटांत मावणारे मिलिसेकंद ४२९ कोटींच्या थोडे वर, म्हणजे ४९.७ दिवस. तिथे मीटर भरून पुन्हा शून्यावर यायचा आणि मशिन गोठायचं. गंमत म्हणजे ही चूक काही वर्षं कुणाच्या नजरेलाच आली नाही. विंडोज ९५ सलग ४९ दिवस चालवून दाखवणं हाच मुळात पराक्रम होता.

विमानंही यातून सुटलेली नाहीत. बोइंग ७८७ च्या जनरेटर नियंत्रकांमध्ये असाच एक मीटर होता आणि सलग २४८ दिवस वीज चालू राहिली की तो भरायचा. सेकंदाचे शंभरावे भाग ३१ बिटांत मोजले तर बरोबर तेवढेच दिवस येतात. चारही नियंत्रक एकाच वेळी चालू केलेले असले तर चारही एकदमच बंद पडू शकले असते. २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने फर्मान काढलं. नवं सॉफ्टवेअर येईपर्यंतचा त्यातला उपाय काय होता? ठरावीक मुदतीत विमानाची वीज एकदा बंद करून चालू करा. मावशीच्या राउटरचाच.

याहून जुनी आणि वाईट गोष्ट १९९१ च्या आखाती युद्धातली आहे. सौदी अरेबियात धाहरान इथे शत्रूची क्षेपणास्त्रं हवेतच पाडणाऱ्या अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्रांची तुकडी तैनात होती. तिचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजायचं. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेलं की ०.३३३ करत कधी संपतच नाही. कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत एक दशांशाची तीच अडचण आहे. २४ बिटांत बसवण्यासाठी शेपूट कापावं लागलं. प्रत्येक ठोक्याला चूक होती सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग. आता गुणाकार करा: १०० तास म्हणजे ३६ लाख ठोके, आणि साठलेली चूक ०.३४ सेकंद. तेवढ्या वेळात इराकचं येणारं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे सरकतं. २५ फेब्रुवारीला, तुकडी १०० तासांहून जास्त सलग चालू असताना, रडार आकाशाच्या चुकीच्या तुकड्यात शोधत राहिलं. स्कड बराकीवर पडलं आणि २८ सैनिक गेले.

बंद करून चालू करायला मिनिट-दीड मिनिट लागलं असतं आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू झालं असतं. इस्रायलच्या लोकांनी ही घसरण आधीच हेरून कळवली होती. चार दिवस आधी तुकड्यांना एक संदेशही गेला होता, की 'फार वेळ' सलग चालवल्यास नेम ढळू शकतो. फार वेळ म्हणजे किती तास, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं २६ तारखेला.

मावशीला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आठवडा म्हणजे आठवडा."

पण प्रत्येक दुखणं पसाऱ्याचं नसतं. पावसाळ्यात जुने डेस्कटॉप हटकून बीप-बीप करत बसतात आणि पडदा काळाच राहतो. तिथे शंभरदा बंद-चालू केलं तरी उपयोग शून्य. दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा काय करतो? रॅमची, म्हणजे त्या तात्पुरत्या मेमरीची, पट्टी काढतो, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवतो, पुन्हा बसवतो, आणि मशिन सुरू. बघणाऱ्याला हा हातचलाखीचा प्रयोग वाटतो. ते दात सोनेरी दिसतात कारण त्यांवर खरंच सोन्याचा मुलामा असतो, एका मायक्रॉनहून पातळ. सोनं गंजत नाही. पण इतक्या पातळ थरात सूक्ष्म छिद्रं असतात, खालचे धातू त्यातून डोकं वर काढतात, आणि त्यावर कोकणातली दमट खारी हवा, धूळ, बोटांचा चिकटपणा. पट्टीवर एक अदृश्य साय धरते. आजच्या रॅमचा कारभार चालतो १.१-१.२ व्होल्टवर; ती साय भेदण्याइतका जोर त्यात नसतो. रबर ती साय खरवडतो.

खोडरबर पेन्सिलचा, पांढरा, मऊ. शाई खोडायचा खरखरीत नको, तो मुलामाच काढून टाकेल. आणि आधी वायर काढून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. घासण्याने स्थिर वीज साठते. आपल्या बोटाला चटका जाणवतो तो दोन-तीन हजार व्होल्टच्या पुढे, चिप मात्र त्याच्या कितीतरी खाली, आपल्याला काहीही न जाणवता मरू शकते.

खरं सांगायचं तर निम्म्या वेळा रबराचीही गरज नसते. पट्टी नुसती काढून पुन्हा बसवली तरी स्लॉटमधल्या पिना दातांवर घासतात आणि तेवढ्यानेच भागतं. नव्वदच्या दशकातल्या मुलांना हे वेगळ्या रूपात माहीत आहे. व्हिडिओ गेमची कॅसेट चालेना की आम्ही ती काढून जोरात फुंकर मारायचो. गुण फुंकरीचा वाटायचा. होता तो काढून घालण्याचा. फुंकरीने उलट थुंकीचा ओलावा दातांवर बसायचा.

टीव्हीच्या रिमोटमधले सेल अंगठ्याने जागच्या जागी फिरवणं हाही तोच उपाय, स्प्रिंगच्या टोकावरची साय खरवडायचा. त्याने न भागल्यास रिमोटचं तोंड मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त दिवा पडद्यावर बहुधा जांभळट लुकलुकताना दिसतो. दिसला तर रिमोट ठीक आहे, टीव्हीकडे बघा. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा अवरक्त गाळणारी काच असते, म्हणून पुढचा.

आमचे आजोबा रेडिओचे सेल उन्हात ठेवत. अंगणातल्या कट्ट्यावर चार सेल ओळीने, कावळ्यांनी नेऊ नयेत म्हणून वर चाळण. बातम्यांच्या आधी ते परत रेडिओत जात आणि खरोखर अर्धा तास आवाज यायचा. यालाही कारण आहे. हे सेल म्हणजे १८६६ सालच्या लेक्लांशे सेलचे वंशज, जस्त आणि मँगनीज डायऑक्साइडचे. उन्हाने आतली रासायनिक क्रिया वेग घेते, अंतर्गत रोध घटतो; शिवाय नुसत्या विश्रांतीनेही मँगनीज डायऑक्साइडजवळ तुंबलेली क्रिया थोडी मोकळी होते. नवी ऊर्जा काही येत नाही, तळाशी उरलेली हाती लागते. मोबाइलच्या लिथियम बॅटरीला मात्र हा न्याय लावू नका. उष्णता तिला म्हातारी करते.

भिजलेला फोन तांदळात ठेवायच्या उपायाबद्दल माझं मत वाईट आहे. घरातला तांदूळ तसाही साधारण १२ ते १४ टक्के पाणी अंगात घेऊन बसलेला असतो, आणि चिपळूणच्या जुलैत त्याच्याकडून आणखी शोषून घ्यायची अपेक्षा करणं म्हणजे ओल्या टॉवेलने डोकं पुसणं. कणी आणि पीठ चार्जिंगच्या भोकात जातं ते वेगळंच. ॲपलने २०२४ साली हे करू नका असं स्पष्ट लिहिलं. पाण्यापेक्षा घातक असते पाण्यातून वाहणारी वीज. म्हणून फोन आधी बंद करायचा, 'चालतोय का' बघायला पुन्हा पुन्हा चालू करायचा नाही, आणि भोक खाली करून पंख्यासमोर ठेवायचा. बस.

शेवटचा उपाय मला स्वतःला सुचायला दोन दिवस लागले. मामेभावाच्या दुकानातला कॉम्प्युटर: रोज सकाळी इंटरनेट गेलेलं. बँकेची साइट उघडत नाही, ईमेल उघडत नाही, प्रत्येक ठिकाणी सुरक्षिततेचा इशारा. दुरुस्तीवाल्याने विंडोज दोनदा नव्याने टाकून पैसे घेतले होते. माझी नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तारीख १ जानेवारी २०१२. भाऊ रात्री मेन स्विच पाडून घरी जायचा, आणि मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा गोल सेल, वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा, कधीचाच संपला होता. साइटच्या प्रमाणपत्रांवर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध' असं असतं. २०१२ सालात जगणाऱ्या मशिनच्या दृष्टीने ती अजून निघालेलीच नव्हती. पुण्याच्या तपकीर गल्लीतून सीआर२०३२ नावाचा तसाच नवा सेल आणला, पन्नास रुपयांच्या आत.

मावशीच्या फ्रिजवर आता एक कागद चिकटवलेला आहे. माझ्या अक्षरात: 'दर रविवारी रीस्टार्ट. शट डाउन नव्हे.' त्याखाली तिच्या अक्षरात: 'राउटर – दहा मोजणे.' आणि त्याच्याही खाली, बारीक, वेगळ्या पेनाने: 'तांदळातला जुना फोन काढणे. खिचडीला लागतील.'