तावेर्न (गोवा)

तावेर्न म्हणजे गोव्यातल्या वाड्यावरचं (म्हणजे गावातल्या वस्तीतलं) दारूचं छोटंसं दुकान. शब्द पोर्तुगीज 'तावेर्ना'वरून आला. बऱ्याचदा ही मालकाच्या घराचीच पुढची खोली असते, आत हुमण (माशांची आमटी) शिजत असतं आणि बाहेर काउंटरवर घरातलीच बाई गिऱ्हाइकाला ग्लास भरून देत असते, त्यामुळे कोणी जास्त आवाज चढवला की बाउन्सर वगैरे लागत नाही, तीच दम देते. दोन बाकं, एक-दोन टेबलं, भिंतीवर क्रॉस नाहीतर देवाचा फोटो, आणि कोपऱ्यात 'गराफाव', म्हणजे फेणी भरून ठेवायची मोठी काचेची बरणी. किनाऱ्यावरच्या शॅकशी हिचा काही संबंध नाही. शॅक टुरिस्टसाठी, तावेर्न गाववाल्यांसाठी.

इथलं मुख्य पेय फेणी. माडाची फेणी रेंदेर, म्हणजे माडावर चढणारे लोक काढतात त्या सुरेपासून (ताडीपासून). काजूचं झाड मात्र पोर्तुगीजांनी १६व्या शतकात ब्राझीलहून आणलं, म्हणजे आज ज्याला आपण अस्सल गोंयकार चव म्हणतो त्यातली अर्धी आयात केलेली! काजूची बोंडं पायाने तुडवून रस काढायचा, तो आंबवायचा आणि भट्टीवर चढवायचा, पहिल्या धारेला मिळतो हुर्राक, साधारण १५ टक्क्यांचा, तो परत ताज्या आंबलेल्या रसात मिसळून गाळला की फेणी, ४० टक्क्यांच्या वर. हुर्राक टिकत नाही म्हणून मार्च ते मे एवढाच त्याचा सीझन, लिंबू सोडा किंवा लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून पितात, आणि माझ्या मते एप्रिलच्या दुपारी याच्यापुढे बिअर म्हणजे अगदीच पाणी. सोबत उकडलेलं अंडं, चणे, नाहीतर खारवलेल्या तोराची (कोवळ्या कैरीची) फोड. मोठा मेन्यू मागू नये, नसतो.

काजू फेणीला २००९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला हेरिटेज पेय ठरवलं. त्याआधी कायद्याच्या लेखी ती नुसती 'देशी दारू', त्यामुळे गोव्याबाहेर विकायची सोय नव्हती, आणि शिकलेल्या घरांतले लोकही पाहुण्यांपुढे व्हिस्की ठेवायचे. पणजीत फोंतैन्यश या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीच्या आसपासचे काही जुने बार आता फेणीची कॉकटेल्स देतात, तरुण पोरं गर्दी करतात, चांगलंच आहे, पण भाव बघून म्हातारा गिऱ्हाईक तिथे काही फिरकायचा नाही.

मुंबईशीही याचं नातं आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर पोर्तुगीज गोव्यात तावेर्न राजरोस चालू होत्या, आणि इकडे धोबी तलाव, वांद्र्याच्या गल्ल्यांत गोवन बायका घरातच गाळलेली दारू विकायच्या, त्या जागा 'आंटीचा अड्डा' म्हणून प्रसिद्ध झाल्या. पुढची खोली, ओळखीचं गिऱ्हाईक, काउंटरवर घरची बाई, सगळं तेच, फक्त दार लावलेलं.