अम्लरेखन : मुद्राचित्रणात आणि दंतवैद्यकात

धातू, दगड किंवा दात यांचा पृष्ठभाग ठरावीक जागी आणि ठरावीक खोलीपर्यंत अम्लाला खाऊ देण्याच्या क्रियेस अम्लरेखन म्हणतात. कलाशाळांत आणि दवाखान्यांत मात्र सर्रास ‘एचिंग’ हाच शब्द चालतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी घरांना ही क्रिया नावाने नसली तरी डोळ्यांनी ओळखीची आहे. स्वयंपाकघरातील शहाबादी फरशीवर लिंबाची फोड रात्रभर पडून राहिली, की सकाळी तिथे निस्तेज, बोटाला खरखरीत लागणारा डाग दिसतो आणि कितीही घासला तरी तो जात नाही, कारण लिंबातील अम्लाने तेवढ्या जागेचा चुनखडक विरघळवलेला असतो. तांब्या-पितळेच्या भांड्यावर नाव घालणारा कारागीर हातोडी आणि टोकदार खिळ्याने ठिपक्याला ठिपका जोडीत अक्षर उठवतो, ते मात्र कोरीवकाम होय. अम्लरेखनात हात फक्त वाट मोकळी करून देतो, धातू खाण्याचे काम अम्ल करते.

युरोपात चिलखतांवर नक्षी काढणाऱ्या कारागिरांना हे तंत्र आधीपासून अवगत होते. जर्मनीतील आउग्सबुर्गच्या डॅनियल हॉप्फरने १५०० च्या सुमारास ते छापचित्रांसाठी, म्हणजे मुद्राचित्रणासाठी, योजले आणि जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५१५ ते १५१८ या काळात लोखंडी पत्र्यांवर मोजकी अम्लरेखने केली. पुढे लोखंडाची जागा तांब्याने घेतली आणि सतराव्या शतकात डच चित्रकार रेम्ब्रांटच्या हाती या माध्यमाला कागदावर सहज ओढलेल्या रेघेची मोकळीक आली. भारतीय चित्रकारांपैकी मुकुल डे १९१६ मध्ये जपानमार्गे अमेरिकेत गेले आणि शिकागोत हे तंत्र शिकले.

तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेण, डांबर आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर चढवतात, त्याला ‘ग्राउंड’ म्हणतात. सुईने रेघ ओढताना पत्रा खरवडायचा नसतो, फक्त थर उचलायचा असतो, म्हणून हात हलका राहतो. मग पत्रा द्रावात सोडतात. जस्तावर सौम्य नायट्रिक अम्ल चढले की प्रत्येक रेघेवर बारीक बुडबुडे धरतात, आणि ते तसेच राहिले तर रेघ खडबडीत होते, म्हणून पक्ष्याच्या पिसाने ते हळुवार दूर सारतात. तांब्यासाठी वापरले जाणारे फेरिक क्लोराइड हे खरे तर लवण आहे. त्याचा गाळ रेघेत साचून द्रावाची वाट अडवतो, म्हणून पत्रा पालथा किंवा तिरका ठेवावा लागतो. फिकट हव्या असलेल्या रेघा आधी व्हार्निशने बुजवून पत्रा पुन्हा सोडला, की उरलेल्या रेघा अधिक खोल आणि छापल्यावर अधिक काळ्या येतात. शेवटी शाई रेघांत भरून वरची पुसून काढतात आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून नेतात, तेव्हा खाचांतली शाई कागद उचलून घेतो.

दंतवैद्यकात ही क्रिया अमेरिकन दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी आणली. रंग धातूला नीट धरावा म्हणून कारखान्यांत धातूवर फॉस्फोरिक अम्लाची प्रक्रिया करीत, हे ध्यानात घेऊन त्यांनी दाताच्या बाह्य कवचावर, म्हणजे दंतवल्कावर, ८५ टक्के फॉस्फोरिक अम्ल ३० सेकंद लावले आणि त्यावर ॲक्रिलिक राळ (दात भरण्याचे एक कृत्रिम प्लास्टिक) अधिक घट्ट बसते असे १९५५ मध्ये दाखवून दिले. आज साधारण ३७ टक्क्यांचे, बहुधा निळ्या रंगाचे जेल सिरिंजने लावतात, १५ ते ३० सेकंदांनी पाण्याने धुतात आणि दात वाळवतात. दंतवल्क तेव्हा खडूसारखे पांढुरके दिसले तर अम्लाने आपले काम केले असे समजावे. सुमारे १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर गेलेला असतो आणि खाली असंख्य सूक्ष्म छिद्रे उघडलेली असतात. पातळ राळ त्यांत शिरते आणि निळ्या प्रकाशाने तिथेच घट्ट होते. आपल्याकडे ज्याला ‘दाताला सिमेंट भरणे’ म्हणतात, त्या दाताच्या रंगाच्या भरावाची पकड बव्हंशी यावरच अवलंबून असते. चांदी भरताना ती अडकून राहावी म्हणून निरोगी दातही कोरावा लागे, तो आता पुष्कळसा वाचतो. रुग्णाच्या दृष्टीने हा या तंत्राचा सर्वांत मोठा लाभ मानला पाहिजे.

दंतवल्काखालील दंतिन मात्र इतके सोपे नाही. त्यात पाणी आणि कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू असतात. अम्लाने खनिज निघून गेल्यावर ते फार वाळवले तर तंतूंचे जाळे खाली बसते आणि राळेला आत शिरता येत नाही. म्हणून तो भाग किंचित ओलसर ठेवतात. तंबाखूच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या निपाणीच्या परिसरात मिश्री लावण्याची सवय जुनी आहे. वर्षानुवर्षे भरड पूड घासल्याने हिरडीलगत दाताच्या मानेशी खाच पडते, तिथे उघडे पडलेले दंतिन कालांतराने कठीण व चकचकीत होते आणि अम्लाला सहजी दाद देत नाही. फ्लोराइडयुक्त पाण्यामुळे डागळलेल्या दातांचीही हीच अडचण असते, कारण फ्लोराइड मिसळलेले खनिज अम्लात कमी विरघळते आणि अम्ल अधिक वेळ ठेवावे लागते. बेळगावात केएलई संस्थेचे आणि मराठा मंडळाचे अशी दंत महाविद्यालये आहेत; तिथे शिकून याच भागात दवाखाना थाटणाऱ्या डॉक्टरांना असे दात वरचेवर हाताळावे लागतात.